पाच फुटांची रेषा

घड्यांवर नकाशा चार ठिकाणी फाटलाय,
प्रत्येक फाटीतून एकेक शेत गेलंय.
ऑर्फा टिंडल तो जेवणाच्या टेबलावर पसरते,
कोपऱ्यांवर मीठदाणी, चष्म्याची डबी
आणि कालवांचे दोन शिंपले.

एका इंचात एक मैल. साल अठराशे अठ्ठ्याण्णव.
डेलावेअरच्या उपसागराकाठचं मार्लोज नेक.
डोंगरांसाठी राखलेली तपकिरी शाई
इथे जवळजवळ लागलीच नाही:
एकच रेषा, पाच फुटांची,
तीही मधेच विसरल्यासारखी थांबते.
बाकी सगळं खाजण. निळे बारीक फराटे,
कुणीतरी न कंटाळता मारलेले.

त्यातून रेल्वे, काळी,
माशाच्या मधल्या काट्यासारखी,
थेट धक्क्यापर्यंत.
हिवाळ्यात बारा-बारा वाघिणी निघायच्या,
कालवं पिंपांत, पिंपं बर्फात,
फिलाडेल्फिया उठायच्या आत पोचायची.

स्टेशनच्या खाली काळे ठिपके. एक ठिपका, एक घर.
ऑर्फा एकावर नख ठेवते.
"हे आमचं. हे कधी नव्हतंच."

मोजणीदार आला तेव्हा तिचा आजोबा सायलस
नडगीभर चिखलात चार खुंट्या ठोकत होता.
"मार्चपर्यंत उभं राहील," तो म्हणाला,
"काढूनच टाका. दार रुळांकडे."
मोजणीदाराला डास फोडून काढत होते,
पाच-चाळीसची गाडी गाठायची होती.
त्याने काढलं.
दार एवढ्याशा ठिपक्यात कुठे मावणार!

मार्चमध्ये लाकूड आलं, गाडीने, बिलासकट.
जिच्यासाठी दार रुळांकडे होतं
ती आली नाही.
सायलसने लाकूड विकलं, वरच्या गावात
दुसरीच्या घरी राहायला गेला.
ऑर्फा त्या दुसरीची नात.

पुढे रूळ भंगारात गेले.
एकेक घर सरकारने विकत घेतलं, पाडलं,
आणि पाच फुटांच्या रेषेवर
खेकडे आडवे चालू लागले.

रविवारी ती भाच्याच्या होडीतून तिकडे गेली,
नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत.
स्टेशन होतं तिथे पाणी. शाळेत पाणी.
सायलसच्या घरीही तेवढंच पाणी.
"आता कसं ओळखणार, मावशी," लिंडन म्हणाला,
"खरं कुठलं आणि कुठलं नुसतं काढलेलं?"

तिने फक्त इंजिन बंद करायला सांगितलं.
ओहोटी लागली होती.
होडी जरा रेंगाळली, मग फिरली
रुळांकडे तोंड करून.