स्टँडवरून पाहिलेला भाग दोन

पिच्चर मी पाहिलेला नाही.
मी भिंत पाहतो.
टॉकीजची मागची भिंत, तिला लागून माझं सायकल स्टँड.
सायकल आता एकच येते, पेपरवाल्या रोडगेंची,
पण नाव तेच राहिलं.
भिंतीला पाठ टेकली की कळतं
आत घोडे धावतायत की कोणी रडतंय.

पहिल्या भागाला भिंत नुसती थरथरली होती.
या वेळी तिनं आधी श्वास घेतला.

मे महिना, सीताबर्डी, पारा सेहेचाळीसवर,
आणि सकाळी नऊपासून पोट्टे रांगेत,
आईच्या जुन्या शाली खांद्यावर,
थर्माकोलचे पंख, पुठ्ठ्याची शिंगं.
एकीनं तर पापण्यांना मीठ चिकटवलेलं, बर्फ म्हणून.
तीन वर्षं थांबले होते म्हणे.
राणी बर्फाच्या भेगेत पडली
आणि तिथंच पहिला भाग संपवला होता मेल्यांनी.
ही मिठाची पोरगी, गार्गी टेंभुर्णे, तेव्हा दहावीत होती,
आता स्वतःची स्कूटी.
"काका, चावी तुमच्याचकडे ठेवा, आज माझं काही खरं नाही."

"राणी मेली नाही बे, लिहून घे."
"तुले कोनं इचारलं?"
"शंभरची पैज?"
"लाव."

सव्वातीनला दार उघडलं
आणि बाहेर आले ते कुडकुडत.
खरं सांगतो. सेहेचाळीस अंशांत
शाली घट्ट लपेटून, हात काखेत,
एक जण तर तोंडातून वाफ निघते का पाहत होता.
गाड्यांच्या सीटा तव्यासारख्या तापलेल्या.
बसले, आणि दहा जण एकदम ओरडले,
तेव्हा कुठं त्यांना नागपूर आठवलं.

"तो नाग बर्फ फोडून निघते, तवा त्याचा डोया पायला का?
डोयात राणी दिसते बे! उलटी! एवढीशी!"
"खवले मोजता येत होते."
"आपल्या नाग नदीतून निघाला असता
तं पन्न्या गुंडाळूनच निघाला असता."
"अन् उडते कशी! मागच्या टायमाले टांगल्यावानी वाटे,
आता खरंच उडते, राजेहो, खरंच."

पैजेचे शंभर कोणी मागितले नाहीत.
गार्गीचं मीठ गालावर ओघळलेलं.
रडली की घामानं, ते आपण विचारायचं नसतं.

स्टँड रिकामं झालं. एकच काळी गाडी उरली, टोकन एकशेबारा.
पुढच्या शोचे हॉर्न सुरू, मी चिडलेलो.
आला एकदाचा. इंदोऱ्याचा सुगत,
याला मी चड्डीत असल्यापासून ओळखतो.
"कुठं होता बे?"
"नावं वाचत होतो, काका."
"कोणाची?"
"शेवटी येतात ना, ती. हजारभर असतील.
ऑपरेटरनं मधेच लाइट लावले."

हैदराबादला असतो, कॉम्प्युटरवर काहीतरी, एवढंच ठाऊक होतं.
"मी राणीच्या तारा पुसल्या," म्हणाला.
"कोणत्या तारा?"
"उडताना ती तारांना टांगलेली असते.
एकेका चित्रातून तार पुसायची,
मग तिथलं आभाळ भरायचं. सात महिने.
माझं काम दिसलं, म्हणजे चुकलं."
हसला. हेल्मेट घातलं.
पैसे मी नको म्हटले, तर टोकनसकट हातात कोंबून गेला.

मी वर पाहिलं.
विजेच्या, केबलच्या, कुठल्या कुठल्या तारा,
एकीवर कावळा, चोच उघडी टाकून.
एक डोळा मिटला, अंगठा उभा धरला
आणि तार पुसायला घेतली.

पुसणं जमतं हो.
आभाळ भरणं जड जातं,
उन्हानं पांढरं पडलेलं, त्याला रंगच नव्हता, तरी.

मागं कोणीतरी ओरडत होतं, "काका, टोकन!"
पण क्षणभर, खोटं नाही सांगत,
कावळा कशावरच बसलेला नव्हता.