दाराच्या आतली बाजू

दाभोळकर कॉर्नरच्या दवाखान्याची गच्ची,
सकाळचे सव्वासहा.
डबा व्हॉल्व्हच्या दांडीला अडकवून
दस्तगीरमामा नदाफ पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबतात,
सोडतात,
कान तिरका करतात.
'सैल हाय. अर्धा सूत.'

माझ्या खिशात मोजपट्टी, फाइलीत आयटीआयचा दाखला.
मोजलं.
अर्धा सूत.

त्यांचे वडील गाद्या पिंजायचे, जवाहरनगरात दारोदार.
धनुकलीची तात कोरड्या कापसात एक बोलायची,
दमटात दुसरं.
फोमच्या गाद्या आल्या, धनुकली माळ्यावर गेली,
पोराला तेवढा कान मिळाला.

'चौगुले, फिल्टर काढ.'
'काढतो की, मामा.'
(आमच्याकडं पोरीसुद्धा असंच बोलतात;
पुण्याहून आलेला कंपनीचा साहेब दोनदा दचकला होता.)

मार्गशीर्षातला फिल्टर काळा निघतो.
गळीत सुरू झालं की चिपाडाची राख रात्रभर उडते,
वाळत घातलेल्या चादरींच्या आधी आमच्याकडं पोचते.
चैत्रात हाच फिल्टर गुलाबी असतो:
जोतिबावरून परतलेल्या गाड्यांच्या टपांवरचा,
माणसांच्या भुवयांतला गुलाल
चार मजले चढून इथं येतो.
'देव कुणाचा बी असू दे,' मामा म्हणतात,
'फिल्टर उलट्या बाजूनंच धुवायचा.'

मी कॉइल विंचरते.
उवांच्या फणीसारखीच फणी, फक्त किंमत जास्त.
मामा मोटरच्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवतात,
मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात,
आणि मी श्वाससुद्धा हळू घेते.
ग्रीस दोन पंप. तिसरा द्यायचा नाही.
तिसऱ्यानं बेअरिंग गुदमरतं.

बिजागरीला तेल घालायला दार पुरतं उघडलं
तेव्हा आतल्या पत्र्यावर अक्षरं दिसली.
मार्करची, पेन्सिलीची, एक खिळ्यानं कोरलेली.
तारखा, सतरा वर्षांच्या.
पट्टा बदलला.
ट्रेमध्ये पारव्याचं पिल्लू, जिवंत.
पूर. तळघरात पाणी. पंखा बंद, नऊ दिवस.
मोटर जळाली, मी सांगितलं होतं.

एका फेब्रुवारीपुढं नुसता ठिपका.

'हे काय, मामा?'
ते ड्रेनच्या पाइपात तार घालत होते.
'त्या दिवशी मी खाली हुतो. थेटराच्या भाईर, बाकड्यावर.
जुबेदा आत.
वर जाळी हुती, तिच्यातनं वारं येत हुतं, आपलंच.
कधी कुठली पाळी चुकवली न्हाई म्या,
पर बसल्यावर आठवंना,
ट्रॅपमधी पाणी भरलं का न्हाई.
लिफ्ट सोडून जिन्यानं वर आलो, पळत.'
'मग?'
'मग काय. भरलं हुतं.'

तार बाहेर आली, तिच्या टोकाला
हिरवं शेवाळ, कुणाच्या तरी पतंगाचा मांजा.

आठला पहिलं ऑपरेशन. पावणेआठला आम्ही पंखा सुरू करतो.
गेजचा काटा हलतो, नको तेवढा नाही.
मेंटेनन्सचे खराडेसाहेब वर न बघता सही करतात:
'चालू आहे ना?'
'चालू हाय.'
कामाचा तपशील या रकान्यात एवढंच मावतं.

परत वर. हत्यारं गोळा करायची राहिलेली.
मार्कर वाळलाय, पेन्सिल सापडत नाही,
स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं मी तारीख कोरते
आणि पुढं काय लिहावं ते सुचत नाही.
पत्रा बोटांखाली थरथरतो, एकसारखा.

मामा जिन्याच्या दारात थांबलेत.
ऐकतायत.
मग मान हलवतात, डबा काढतात:
'चल. मामीनं तुझ्या वाटणीचा बी खर्डा दिलाय.
भाकरी गार व्हतीया.'