कुणीतरी खोकतं

नॉर्बर्टने भरून दिली, उथळसरच्या घरी,
डबल डेकवर, नव्वदच्या कॅसेटमध्ये.
आतल्या कार्डावर हिरव्या शाईत:
सॅक्सोफोन, बास, ड्रम्स.
खाली, बारीक अक्षरात: कुणीतरी खोकतं.
वाजवणाऱ्यांची नावं नंतर सांगतो म्हणाला.
नंतर तो मस्कतला गेला.

मी तेव्हा रबाळ्याला, तिसऱ्या पाळीत,
कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये.
कानात बोळे घालायचा नियम होता, मी घालत नसे.
तीन नंबरचं बेअरिंग जायच्या आधी
आठवडाभर जे कुरकुरतं
ते मग ऐकू कसं येणार?
सकाळी घरी येऊन, अंघोळीआधीच, कॅसेट लावायचो.
बास आणि कॉम्प्रेसर एकाच गावचे,
हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नाही.

कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांची भिंत म्हणजे पापड.
गिटार किंचाळायला लागली की
शेजारचे कडू पलीकडून थाप मारायचे.
चिडून मारलेली थाप, तिला ताल कुठला.
पण एकदा, गणपतीच्या आधीच्या रविवारी,
ती बरोबर समेवर पडली.
मी उभा राहिलो. खरंच, उभा राहिलो.
नंतर कित्येकदा तोच तुकडा लावून पाहिला, आवाज वाढवून.
कडूंनी तोवर कापूस आणला होता.

"मिक्सर लागला का तुमचा?" हेमा विचारायची
त्या दुसऱ्या रेकॉर्डबद्दल:
रिकाम्या खोलीत टेबलफॅन, चाळीस मिनिटं.
एकतिसाव्या मिनिटाला खुर्ची सरकते. बस.
एका शुक्रवारी दुपारी ती ऐकत पडलो होतो.
खुर्ची येईना.
येईना म्हणून आणखी कान दिला.
कुठेतरी कुकर, मागे येणारा टँकर,
कुणाचा तरी जिन्यावर घासलेला पाय.
डोळे उघडले तर डोक्यावरचा पंखा थांबलेला,
लाईट गेलेली, कधीची कोण जाणे.
ते ऐकणं कुणाच्या खात्यात धरावं,
अजून ठरलेलं नाही.

पण सांगायचं होतं ते कॅसेटचं.
दुसरी बाजू अपुरी पडली होती.
सॅक्सोफोन चढत जातो, एकेक पायरी, मध्येच दोन गाळून,
श्वास घेतो, आणि

खट्.

बावीस वर्षं माझा तो तिथे उभा, पाय उचललेला.

मग ऋजुताने फोनवर शोधून दिलं.
खोकल्यावरून ओळखलं आम्ही.
पुढे आणखी दीड मिनिट होतं.
उतरतो तो. नीट, कठडा धरून.
शेवटी काचेमागून कुणी म्हणतं, झालं, ठीक आहे.
"आता पूर्ण झालं ना, बाबा?"
हो म्हटलं. तिचा चेहरा पाहून म्हटलं.
रात्री कॅसेटच लावली.

गेल्या वर्षी कळलं, माझं चार हजारच्या वरचं गेलंय.
म्हणजे झांज गेली.
ब्रशने ड्रमवर तांदूळ पाखडतात, तेही.
आता ऐकतो तेव्हा झांज मीच वाजवतो, आतून,
आणि कधीकधी जरा उशिरा वाजवतो असं वाटतं.
खोकला मात्र राहिलाय. तो खालच्या पट्टीतला.

परवा पुन्हा तपासणी, वाशीला.
भिंतींना फोम, कानांवर हेडफोन, हातात बटण.
काचेपलीकडे एक मुलगी, तिच्यापुढे
खुंट्या, सरकपट्ट्या, एक लाल दिवा.
आवाज आला की दाबा, काका, एरवी अगदी शांत.
दिवा लागला.
घशात खवखवायला लागलं.
दाबून धरलं, जमेल तितकं,

आणि खोकलो.
काचेमागे तिने मान वर केली.
पुन्हा घेऊ, म्हणाली, पहिल्यापासून.