अकरा ओळी

झाकण लावते. मनात साठ मोजते. उघडते.
मशीनच्या मते एकशेवीस सेकंद गेलेत.
पुन्हा. शंभर मोजले, तर ते म्हणतं दोनशे.
झोप कुणीतरी दोनदा लिहितंय.

रात्रीचा दीड. उदगीर, नळेगाव रोड.
खालच्या गिरणीतली ज्वारीची धूळ
खिडकीच्या जाळीवर, पंख्यावर, कीबोर्डच्या फटींत.
सकाळपर्यंत पॅच हवाय.

कर्नलच्या पोटात घड्याळं दोन:
एक जागेपणाचं, झोप लागली की थांबणारं,
एक सगळं धरणारं, झोपेसकट.
ती कधीच जुळत नाहीत, आणि जुळू नयेत.
दोघांना नियम मात्र एकच, मागं जायचं नाही.
थांब, उडी मार, काय करायचं ते पुढं कर.
दिलेला क्षण परत मागायचा नाही कुणाकडून.

केवळाआत्या लातूरच्या दवाखान्यात
मेंदूच्या तापानं अकरा दिवस निपचित होती.
बाराव्या दिवशी डोळे उघडले आणि म्हणाली,
"भाकर उलट गं, करपंल."
तवा अकरा दिवसांपूर्वीच उतरला होता.
तिच्यातलं काहीतरी जिथं थांबलं
तिथूनच सुरू झालं, एक ठोका न चुकता.

मग तुंबलेले सगळे गजर एकदम वाजले.
खाटेभोवती गर्दी:
शेळी व्यायली, एक पाठ, एक बोकड.
गॅस संपला. राजेभाऊच्या पोरीचं जमलं.
रेशनवर अंगठ्याला बोलावलंय.
सिस्टर ओरडली, एकेक जण,
आणि सावकाश सांगा तिला, सावकाश.

डॉक्टर म्हणाले, अकरा दिवस.
दुपारी नणंद आली, पदरानं डोळे पुशीत,
"पंधरवडा झाला की बाई, पंधरवडा!"
आत्यानं दोन्ही मुकाट बेरजेत धरलं.
रात्री आतोबांना विचारलं,
"महिनाभर म्हशीची धार कुणी काढली?"

आतोबा बोलायला कच्चे.
शेजारच्या सबिहानं डब्याबरोबर पाठवलेली
दुधाची वही त्यांनी पिशवीतून काढली,
तिच्या हातात दिली.
आत्याला अक्षर लागत नाही, आकडे लागतात.
वर तिचे स्वतःचे, कागद फाटेल इतके दाबलेले.
खाली सबिहाचे, निळे, शाळकरी, रेघेवर बसलेले.
बोट ठेवून मोजलं. एका बोटानं, हळू.
अकरा ओळी.
नणंदेला ती काही बोलली नाही.
"फॅट उतरली," एवढंच म्हणाली,
"पेंड कमी घातली पोरीनं."

बंद मशीनच्या आतही
रुपयाएवढा एक सेल जागा असतो.
त्याला ना फायली कळतात, ना नेटवर्क,
ना मालक कोण ते.
अंधारात ओळी मारत बसतो नुसता.
जागं होणाऱ्यानं आधी त्याच्याकडं जावं.
आमच्याकडं मात्र नणंदही होती:
झोपेतही चालू राहिलेला एक टायमर,
त्याची भर आधीच पडलेली,
आणि वर सेलचीही.
मी टायमरला गप्प केलं. बदल चार ओळींचा.
शोधायला तीन रात्री.

झाकण लावते. साठ. उघडते.
साठ.
आणखी एकदा, या वेळी खरंच डुलकी लागते मला,
किती ते मशीन सांगतं: सातशे बारा.
मी विश्वास ठेवते.

आत्याचं वय कुणी कार्डावरून वाचलं
की ती अजून म्हणते,
"त्यातून अकरा दिवस वजा धर.
तेवढं मी खाल्लेलंच नाही."
वजा होत नाही आत्या, नियम आहे.
बाहेरच्या हिशेबात ते लागलेत कधीच,
दूध गेलं, बोकड विकला, राजेभाऊच्या पोरीला पोर झालं.
पण आतलं ते पहिलं घड्याळ
अजूनही अकरा दिवस कमीच दाखवतं,
आणि ते बरोबर आहे.
त्याला मी हात लावलेला नाही.