पट्ट्याला विचार

कॅमेऱ्याला अख्खा बेदाणा दिसत नाही.
दिसते एक रेघ, केसाएवढी,
मग पुढची, मग तिच्या पुढची.
कधी बघायचं ते एन्कोडर सांगतो:
आता. आता. आता.

तासगावात हंगामाचा पहिला माल,
आणि सकाळपासून पडद्यावर बेदाणे ताणलेले,
गवारीच्या शेंगांसारखे.
हवेची फुंकर काडी सोडून
चांगला हिरवा माल उडवते.
मी पल्स मोजले, भागाकार बदलला,
वायरीचं शील्डिंग सोलून पाहिलं,
कुपवाडला फोन लावला.
साहेब जेवायला गेलेले.

नसीमा नदाफ डबा धुऊन आल्या.
बावीस वर्षं हातानं निवडलं त्यांनी,
आता मशीनशेजारी स्टुलावर बसतात,
मशीनच्या हातून सुटलेलं वेचायला.
खाली वाकून रोलरकडं बघत राहिल्या.
डिपिंग ऑइलचा थर, आरशासारखा.
"ह्यो फिरतोय. पट्टा मागं राहतोय.
तू मोटरला विचारतोस किती झालं,
ती तिचंच सांगणार.
पट्ट्याला विचार की."

एन्कोडर शाफ्टवरून काढला.
रबरी चाक लावलं, स्प्रिंगनं दाबून
थेट पट्ट्याच्या पाठीवर टेकवलं.
आता पट्टा अडखळला की
कॅमेराही पापणी रोखतो.
बेदाणा बेदाण्याएवढा झाला.

चारला साहेबांचा फोन. "काय होतं रे?"
"टायमिंग," मी म्हणालो. एवढंच.
नसीमाबी तेव्हा दोन बोटांत
एक काडी उचलत होत्या,
मशीनला न दिसलेली,
दोन रेघांच्या मधली.