लाल पट्टी

सी ड्राइव्हची पट्टी सकाळपासून लाल.
फोटोशॉप उघडते न् बसून राहते.
बाहेर पोलीस भरतीची पोट्टी,
एकच कोट सात जण घालणार.

आधी डाउनलोड उडवलं.
मग झनकलालच्या हळदीचे चौदा जीबी,
पैशाचं ‘देतो न जी’ अजून चालूच आहे.
मंडईतली दंडार, रातभराची,
आवाजच आला नव्हता, तीही गेली.
टोपली रिकामी करू का, मशीन विचारते.
कर बापा.

राहिला ‘पासपोर्ट जुने’.
सहा हजार चेहरे, मागे तोच निळा पडदा.
याला सहसा हात लावत नाही मी.
लोक येतात चार-पाच वर्षांनी, डोकं भादरलेलं,
‘बाबाचा असंल का जी एखादा?
मोठा करून द्या, परवा तेरवी हाय.’

सॉफ्टवेअर म्हणते, हे दोन सारखेच, एक काढा.
रायवंताबाई, निराधारच्या फॉर्मसाठी.
एकात ताठ.
दुसरा बिघडलेला:
‘हसू नको मावशी’ म्हटलं, म्हणूनच हसली ती,
पदर तोंडाशी जायच्या आधी,
समोरचे दोन दात नसलेले.

कालच भेटली बाजारात, शिंगाडे मापत होती.
मापावर चार जास्तीचे टाकले.
मी काही बोललो नाही.

ताठ बसलेला काढला.

एकवीस जीबी मोकळे. पट्टी निळी.
ये रे पुढचा. कोट घाल.
हनुवटी वर.