चार बोटांचा फरक

नऊ जण, एक झेंडी, गाइडच्या हाती छापील कार्यक्रम :
बीजिंगचा ऑपेरा झाला,
परवा उलानबातरला मोरिन खूर ऐकायचं,
पुढे इर्कुत्स्कची लाकडी घरं.
मधल्या रात्रीपुढे नुसतंच ‘प्रवास’.

मधली रात्र माझी.
डबा सहा, बंबात कोळसा, नऊ पेले.
माझं नाव ओयुन्चिमेग. ते हाक मारतात ‘ओ’,
मी ओ देते.

एरेनहोटला संडासांना कुलूप घालते.
मग डबा उचलतात
चहासकट, पत्त्यांच्या डावासकट,
तित्स्केबाईंच्या घोरण्यासकट.
खालची चाकं निघून जातात,
पुढच्या देशाची अजून यायची असतात.
रुळांच्या रुंदीत फरक चार बोटांचा,
तेवढ्यासाठी तीन तास अधांतरी.

गाइड इतिहास सांगतो : झार, तह, सनावळ्या.
पोलंडचे झ्बिग्न्येव आजोबा ऐकत नाहीत.
गुडघे टेकून, डब्याच्या जमिनीला कान लावून बसलेत.
चाळीस वर्षं रेल्वेत होते म्हणे, कारखान्यात.

खाली हातोडी. टण्.
थांबून, टण् टण्.
अकरा वर्षं ऐकतेय. तोंड कधी पाहिलं नाही त्याचं.
तिसऱ्या चाकाला एक ठोका जास्तीचा द्यायचा,
उगाच, पाठीवर थाप दिल्यासारखा.
आज दिला नाही.

‘हात नवा आहे,’
आजोबा मोडक्या रशियनमध्ये म्हणाले,
‘घाबरतोय अजून.’

डबा खाली बसला. पेले किणकिणले.
कुणीतरी विचारलं, गोबी कधी लागणार?
मी आजोबांना चहा दिला, दोन खडे साखरेचे,
आणि वहीत
त्याचे पैसे लिहायचे राहिले.